सेवेचा पहारा

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यानिमित्त झालेल्या अखंड हरिनाम सप्ताहात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या निवृत्त परिचारिका असून दिंडीत तुळस घेऊन चालतात.)





मी काही कीर्तनकार नाही. मला प्रमाणं देऊन बोलता येणार नाही. ३२ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून घरोघरी म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला जाणाऱ्या मुलींना शिकवते. मंडळींनी मला विषय दिलाय ‘वार्धक्य आणि सेवा’. फार मोठा विषय आहे. त्यातला एकच धागा मी धरणार आहे, कारण तो मला गेल्या काही वारींत प्रत्येक मुक्कामाला कोणी ना कोणी विचारलाय. राहुटीत रात्री पाय चेपत बसलो, की एखादी माउली जवळ सरकते आणि हळूच म्हणते, “सिस्टर, आमच्या दादांना आता घरच्यांच्यानं उठवणं होत नाही. बाई ठेवायची म्हटली तर अंगावर येतात. काय करू?”

हाच आजचा प्रश्न. आई किंवा बाप थकलाय. शिकलेल्या हाताची मदत लागतेय. आणि ते माणूस म्हणतंय, “नको.”

शताब्दीच्या आनंदात हे कशाला, असं कोणाला वाटेल. पण जरा आपल्या दिंडीच्या ओळी आठवा. वीस वर्षांपूर्वी आपल्या पुढं चालणारे टाळकरी आज कुठं आहेत? काही माउलींच्या चरणी विसावले. काही मात्र घरी आहेत. पडवीत, बाजेवर, खिडकीपाशी. दिंडी गावातून निघते तेव्हा त्यांना पखवाज ऐकू येतो, पण उठता येत नाही. वारकऱ्याची वारी ज्या वर्षी चुकते, त्या वर्षी तो स्वतःच्या नजरेत म्हातारा होतो. त्याआधी केस पांढरे झालेले असतात, दात पडलेले असतात, त्याचं काही नसतं. पण वारी थांबली की काहीतरी तुटतं. आणि त्या तुटलेल्या माणसाला आपण एक दिवस जाऊन सांगतो, “उद्यापासून तुम्हाला आंघोळ घालायला माणूस येणार आहे.” मग तो नको म्हणणार नाही तर काय?

म्हणून पहिली गोष्ट. ‘नको’ ऐकलं की लगेच वाद घालायला बसू नका. आपल्याकडं समाज आरतीला काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा समाज एका क्षणात गप्प होतो. पण एखाद्या दिंडीची तक्रार असली, तर ती दिंडी टाळ वाजवतच राहते. मग चोपदार काय करतात? येऊन टाळ हिसकावून घेतात का? नाही. ते त्या दिंडीपाशी जातात, काय झालं विचारतात, ऐकून घेतात. तक्रार ऐकली गेली की टाळ थांबतो. घरातल्या म्हाताऱ्याचं ‘नको’ म्हणजे तो वाजत राहिलेला टाळ आहे. त्याच्यापाशी जायचं आणि विचारायचं.

विचारल्यावर काय निघतं? इतक्या वर्षांत मी जे ऐकलं, त्यातलं मुख्य मुख्य सांगते.

एक, लाज. ज्या बाईनं उभ्या जन्मात नवऱ्यासमोरही डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, तिला परक्या माणसानं कपडे बदलायचे, ही कल्पनाच सोसत नाही.

दुसरं, पैसा. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, माझ्यापायी पोराचा खर्च होतोय, नातवाच्या फीला कमी पडेल. तोंडानं म्हणतात, “मला काय झालंय? धडधाकट आहे मी.” मनात हिशेब चाललेला असतो.

तिसरं, भीती. आज बाई आली, उद्या मला आश्रमात सोडतील. किंवा, आता हे माझं शेवटचं आजारपण, हे यांना कळलंय आणि मलाच सांगत नाहीत.

चौथं, जमीन. हे स्पष्ट बोललं पाहिजे. ज्या महिन्यात मुलगा सेवेला माणूस आणतो, त्याच महिन्यात सातबाऱ्यावर नाव लावायचं किंवा बक्षीसपत्राचं बोलणं काढतो. म्हाताऱ्याला दोन्हींचा एकच अर्थ लागतो. त्याचं चुकतं असं मी म्हणणार नाही. सेवेचं माणूस आणि सहीचा कागद एका वेळी घरात आणू नका.

पाचवं, आचार. गळ्यात माळ आहे. येणारी बाई काय खाते, तिच्या हातचं कसं चालेल, माझ्या पूजेचं काय, एकादशीचं काय. यावर मी पुढं वेगळं बोलणार आहे.

प्रत्येक ‘नको’वर एकच औषध नाही. लाजेला पैशाचं उत्तर दिलं तर उपयोग नाही आणि भीतीला “डॉक्टरांनी सांगितलंय” हे उत्तर पुरत नाही.

आमच्या घरचंच सांगते. माझे सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आपल्या दिंडीतले जुने टाळकरी, चाळीसच्या वर पायी वाऱ्या झालेल्या. वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलं. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या. त्यांना आबांचं अंग उचलेना. आम्ही नवरा-बायको नोकरीवर, धाकटे दीर शेतात. म्हणून ठरलं, सकाळी आंघोळ घालायला आणि उठवा-बसवायला एक ब्रदर ठेवायचा. आबांनी डावा हात झटकला आणि तोंड फिरवलं. दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सासूबाई त्यांच्या उशाला बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, “आवं, माणूस नको का त्याची येळ नको?” आबांची जीभ जड झाली होती. एकेक शब्द काढत बोलले. ब्रदर येणार सकाळी नऊला. आबा जन्मभर पहाटे चारला उठून आंघोळ करणारे. आंघोळ, मग गोपीचंदन, मग पूजा, मग हरिपाठ, आणि मग तोंडात पाण्याचा घोट. नऊला आंघोळ झाली तर हरिपाठ होणार दहाला, तोवर पारोसं पडून राहायचं. लाज नव्हती, पैसा नव्हता, ब्रदर कोण कुठला याचंही काही नव्हतं. त्यांचं सगळं आयुष्य ज्या एका खुंटीला टांगलं होतं, ती खुंटीच आम्ही काढतोय, असं त्यांना वाटत होतं.

मग शेजारच्या गावचा एक मुलगा शोधला. पहाटे साडेपाचला सायकलवर यायचा. पहिले चार दिवस त्यानं फक्त पायाला तेल लावलं आणि कूस बदलून दिली. वारकऱ्याला पाय चेपून घ्यायची सवय असतेच, त्यामुळं त्यात आबांना परकं वाटलं नाही. पाचव्या दिवशी आबांनीच बादलीकडं बोट केलं. एक गोष्ट पहिल्यापासून ठरलेली, गोपीचंदन आबा स्वतः डाव्या हातानं लावणार. वाकडं लागलं तरी कोणी पुसायचं नाही. तो मुलगा समोर आरसा धरायचा. फिजिओथेरपीवाल्या मॅडम आठवड्यातून तीनदा यायच्या. त्या चेंडू दाबायला द्यायच्या, आबा तो टाकून द्यायचे. मग मॅडमनी विचारलं, “यांचा टाळ कुठाय?” उजव्या हाताच्या बोटांत दोरी गुंडाळून दिली. तो हात पुरता कधीच चालला नाही, पण व्यायामाला आबांनी पुन्हा नाही म्हटलं नाही.

आबा पुढं चार वर्षं होते. पाठीला एक जखम झाली नाही. सासूबाईंची कंबरही शाबूत राहिली, आणि माझ्या दृष्टीनं ही दुसरी गोष्टही तेवढीच मोठी.

आता एक आक्षेप. तो मंडपात उघड कोणी काढत नाही, पण मनात असतो. “पुंडलिकानं काय नर्स ठेवली होती का?” आपला देव ज्या विटेवर उभा आहे, ती वीटच आईबापाच्या सेवेतून आलेली. मग आपण पगारी माणूस ठेवून सेवा कशी काय उरकायची?

मी माझ्या परीनं उत्तर देते, चूकभूल महाराजांनी सांभाळून घ्यावी. देव दारात आला तेव्हा पुंडलिक उठला नाही. आईबापाचं हातातलं काम आधी, पाहुणा मग, मग तो पाहुणा साक्षात कोणी का असेना. म्हणजे सेवा कोणाला दाखवायला नव्हती. आपलं काय होतं? “परकी बाई ठेवली तर भावकी काय म्हणेल?” म्हणून आपण ठेवत नाही. म्हणजे आपण आईबापाकडं पाहत नाही, दाराकडं पाहतो.

आणि आणखी एक. पुंडलिकाच्या आईबापाला लघवीची नळी नव्हती, इन्सुलिन नव्हतं, नाकातून घातलेली अन्नाची नळी नव्हती. आज माणूस जास्त वर्षं जगतो आणि त्यातली काही वर्षं अंथरुणात जगतो. नळी बदलताना मन शुद्ध असून भागत नाही, हातही शुद्ध लागतो, आणि तो कसा ठेवायचा हे शिकावं लागतं.

शिवाय “आम्ही घरीच सगळं करतो” असं जेव्हा एखादे बाबा अभिमानानं सांगतात, तेव्हा मी विचारते, “आम्ही म्हणजे कोण?” दहातल्या नऊ घरांत ‘आम्ही’ म्हणजे एकटी सून असते. किंवा स्वतःच थकलेली बायको. रात्री तीनदा उठायचं, सकाळी डबे करायचे, दुपारी शेतात जायचं. वर्षानुवर्षं. ती चिडली तर वाईट. तिनं “मला होत नाही” म्हटलं तर आणखी वाईट.

आता या मंडपात बघा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा आपला नेम. मग आपण काय करतो? एकाच्याच गळ्यात सात दिवस वीणा अडकवतो का? पहारे लावतो. कागदावर नावं लिहितो, कोणाचा पहारा कधी. वेळ झाली की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. आधीचा माणूस जाऊन झोपतो. त्यानं वीणा टाकली, असं आपण म्हणतो का? उलट पहारे लावले म्हणून नेम टिकला. घरातली सेवाही अखंड चालायची असेल तर तिला पहारे लावायला लागतात. एक पहारा मुलाचा, एक सुनेचा, एक मुलीचा, आणि एक त्या शिकलेल्या माणसाचा. पगार देऊन बोलावलेलं माणूस तुमची जागा घ्यायला येत नाही. तुमचा एक पहारा घ्यायला येतं.

हा शिकलेला पहारा कशासाठी लागतो, ते थोडक्यात सांगते, कारण “त्यात काय एवढं” असं पुष्कळांना वाटतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही तर माकडहाड, टाचा, खुबे इथं कातडी आधी लाल होते, मग फुटते. ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. हवेची गादी आणली तरी कूस बदलणं चुकत नाही.

भरवताना झोपवून भरवायचं नाही. पाठ ताठ ठेवून, घासाघासानं. भरवल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवायचं. नाही तर अन्न श्वासनळीत जातं आणि न्यूमोनिया होतो.

कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज एकाएकी भलतंच बरळायला लागली, तर “वय झालं” किंवा “बाहेरचं काही लागलं” म्हणून सोडून द्यायचं नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, अंगातलं मीठ कमी होणं, औषधाचा परिणाम अशी कारणं असतात आणि वेळेत दवाखाना गाठला तर उतार पडतो. शिकलेलं माणूस हा फरक लवकर ओळखतं.

आणि आपल्या लोकांसाठी मुद्दाम सांगते ती एकादशी. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन रोजच्याएवढंच घेतलं आणि दिवसभर उपास धरला, तर साखर एकदम खाली जाते. घाम सुटतो, हात थरथरतात, भान जातं, आणि जिवावरही बेतू शकतं. उलट उपास म्हणून साबुदाणा आणि बटाटा पोटभर खाल्ला तर साखर चढते. औषध आपल्या मनानं बंद करायचं नाही. एकादशीच्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्यायचं, या दिवशी मात्रा किती, खायचं काय, की उपास धरायचाच नाही. घरात सिस्टर येत असेल तर ती हे लिहून ठेवते आणि साखर तपासते. म्हणजे ती एकादशी मोडायला आलेली नसते.

माणूस ठेवताना कोण कशासाठी, हेही कळलं पाहिजे. ए.एन.एम.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जी.एन.एम.चा तीन वर्षांचा, आणि या सिस्टरांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडं असते. इंजेक्शन, सलाईन, नळी, जखमेचं ड्रेसिंग ही त्यांची कामं. ब्युरोकडून येणाऱ्या मावशी किंवा ब्रदर यांचं काम आंघोळ, कपडे, भरवणं, चालवणं. त्यांना इंजेक्शन द्यायला लावू नका. ओळखपत्र बघा, पोलीस पडताळणी झाली का विचारा, काम आणि वेळ लिहून घ्या. दागिने, रोकड कपाटात ठेवून किल्ली आपल्याकडं ठेवा. एवढं केलं की मागून संशयाची वेळ येत नाही, आणि गरीब माणसावर उगाच आळही येत नाही.

आता बोलायचं कसं. चार सूचना करते.

चार नातेवाईक बसलेले असताना हा विषय काढू नका. ती पंचायत होते आणि म्हातारं माणूस आरोपी होतं. ज्याचं त्यांच्याशी सगळ्यात जास्त जमतं, त्यानं एकट्यानं बोलावं. पुष्कळ घरांत ते काम नात करते.

“तुम्हाला आता होत नाही” असं म्हणू नका. “माझी कंबर दुखते, मला मदत हवीय, तुम्ही हो म्हणाल का?” असं विचारा. आईबापाला मदत घेणं अवघड जातं, द्यायला अजूनही आवडतं. पण कंबर खरंच दुखत असेल तरच असं म्हणा. म्हाताऱ्यांना खोटं लगेच कळतं.

एकदम चोवीस तासांचं माणूस आणू नका. एक काम, एक महिना. महिनाभरानं पुन्हा विचारू, नाही पटलं तर बंद करू, असं सांगा. आणि खरंच नाही पटलं तर बंद करा, दुसरं माणूस बघा. दिलेला शब्द मोडला तर पुढचं कोणतंच ‘हो’ मिळत नाही.

आणि निवड त्यांच्याकडं ठेवा. बाई की बुवा, सकाळी की संध्याकाळी, आंघोळ आधी की चहा आधी. घराचा कारभार सुटला तरी स्वतःच्या अंगाचा कारभार माणसाकडं राहिला पाहिजे.

इथं एक अवघड गोष्ट येते. सगळं करूनही ते नकोच म्हणाले तर? भान शाबूत आहे, परिणाम कळतात, तरी नको म्हणतात. मग तो त्यांचा अधिकार आहे. बांधून कोणाला सेवा देता येत नाही. आपण न्हाणीघरात धरायला दांडा बसवावा, फरशीवर न घसरणारी पट्टी टाकावी, बाजेजवळ कमोडची खुर्ची ठेवावी, रात्रीचा एक दिवा चालू ठेवावा, आणि वाट पाहावी. आजचं ‘नको’ सहा महिन्यांनी तसंच राहतं असं नाही. पण विस्मरणाचा आजार असेल, गॅस चालू ठेवून निघून जात असतील, रस्ता विसरत असतील, तर मात्र वाट पाहत बसता येत नाही. तिथं डॉक्टरांना विचारून घरच्यांनी निर्णय घ्यायचा. तरीही त्यांच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तसंच बोलायचं. आठवण गेली तरी मान-अपमान कळतो.

आता आचाराचं. मघाशी म्हटलं होतं.

सेवेला येणारी बाई कोणत्या जातीची, हे विचारणारी घरं आजही आहेत. माझ्या मुली येऊन सांगतात. एका घरात तिला चहाचा वेगळा कप, तोही न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलेला. भिंतीवर पांडुरंगाचा फोटो. जिच्या हातानं आईचं मलमूत्र निघतं, तिच्या हातचं पाणी चालत नाही. माउली, आपण दिंडीत एकमेकांच्या पायाला हात लावतो. समोरच्यानं वाकायच्या आत आपण वाकतो. तिथं कोणी जात विचारत नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारापाशी आहे, तिच्यापुढं डोकं टेकल्याशिवाय आपण पुढं जात नाही. मग घरी आल्यावर हा वेगळा कप कुठून येतो? म्हातारं माणूस जुन्या वळणाचं असेल, त्याला एकदम पटणार नाही. पण घरातल्या तरुणांनी तिच्याबरोबर बसून चहा प्यायला काय हरकत आहे? एका घरात मुलानं एवढंच केलं. महिन्याभरानं आजीनं त्या बाईला हाक मारली, “अगं, तू जेवलीस का?”

माळेचं म्हणाल तर ते सोपं आहे. बाईला पहिल्या दिवशी नीट शब्दांत सांगायचं, आमच्या घरात मांसमच्छी येत नाही, तुझा डबा तसा नको, किंवा आमच्यातलंच जेव. आजवर कोणी बाई यावर रुसलेली मी पाहिली नाही. पण मग तिला पोटभर वाढा. पगार वेळेवर द्या. आठवड्याची सुट्टी द्या. तिला नावानं हाक मारा, “ए बाई” म्हणू नका. तिच्याही घरी कोणी म्हातारं असतं, त्याला सोडून ती आपल्याकडं आलेली असते.

पैशाचं दोन शब्दांत. केंद्र सरकारनं २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान योजनेत घेतलंय. कुटुंबामागं वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दवाखान्यातले उपचार त्यात होतात. आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. मात्र घरी ठेवलेल्या माणसाचा पगार त्यातून मिळत नाही, तो आपल्यालाच उभा करायला लागतो. तो भावंडांनी वाटून घ्यावा. आपण भिशीची वर्गणी जशी आधी ठरवून वहीत लिहितो, तशी लिहून. ज्याला वेळ आहे त्यानं पहारा द्यावा, ज्याला वेळ नाही त्यानं जास्त वर्गणी द्यावी. शहरातल्या भावानं फोनवरून नुसत्या सूचना देऊ नयेत.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे. आणि जिथं मुलं बघतच नाहीत, तिथं २००७ चा कायदा आहे, आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. प्रांताकडं अर्ज करता येतो. सांभाळण्याची अट घालून जमीन दिली आणि मुलानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. हे मी मुलांना धाक घालायला सांगत नाही. म्हाताऱ्यांना हे माहीत असलं की त्यांची चौथी भीती थोडी कमी होते, म्हणून सांगते.

शेवटी दिंडीकडं एक मागणं. शंभर वर्षांत आपण पुष्कळ मिळवलं. स्वतःचा ट्रक आहे, पाण्याचा टँकर आहे, राहुट्या आहेत. दिवे घाटात कोणी थकलं तर त्याला गाडीत बसवायची सोय आहे, आणि गाडीत बसला म्हणून तो वारकरी उरला नाही, असं आपण कधी म्हटलं नाही. तीच रीत घरी बसलेल्यांना लावूया. एक वही करूया, आपल्या दिंडीतले कोण कोण आज घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांची. दिंडीच्या पैशातून चार वॉकर, दोन कमोडच्या खुर्च्या, दोन हवेच्या गाद्या घेऊन ठेवूया. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की धुऊन परत आणावं. प्रत्येक गावातल्या दोन मुलींना, दोन मुलांना रुग्णसेवेचं शिक्षण देऊया, शिकवायला मी येते, मला मानधन नको. आणि महिन्याच्या एकादशीला पाच-सहा टाळकऱ्यांनी त्या वहीतल्या एका घरी जाऊन हरिपाठ म्हणावा. बाजेवरच्या माणसाच्या हातात टाळ द्यावा. वाजो न वाजो.

घरात सेवेला माणूस आलं म्हणजे आपण वारीतून बाहेर पडलो, असं त्या माणसाला वाटू नये. एवढं आपण सांभाळलं, तर त्यांचं निम्मं ‘नको’ गळून पडेल. बाकीचं निम्मं त्यांच्यापाशी बसून ऐकायचं.

वीणेचा पहारा बदलायची वेळ झालीय, बाबा उभे राहिलेत. मी थांबते.

रामकृष्णहरी.